नोंदवहीबाहेरच्या कष्टकरी: महिला श्रमिकांच्या संघटनेची क्षमता कशी घडते?

गुलाबी बोंडअळीच्या एकात्मिक व्यवस्थापनावरील एक प्रशिक्षण माझ्या विशेष स्मरणात राहिले आहे. ऑक्टोबरची अखेर होती. विदर्भातील एका कापूस उत्पादक गावाच्या समाजमंदिरात कार्यक्रम झाला. कामगंध सापळे कोठे लावावेत, पतंगांची मोजणी कशी करावी, हिरवी बोंडे फोडून कशी तपासावीत, हे सारे मी चित्रफितीच्या साहाय्याने समजावून सांगितले. उपस्थितीच्या नोंदवहीत ४२ सह्या झाल्या आणि त्या सर्व पुरुषांच्या होत्या.

परतताना रस्त्यालगतच्या शेतात वेचणी चालू दिसली म्हणून थांबले. चौदा महिला रांगेने कापूस वेचत होत्या. त्यांतील एकीने ओटीतून मूठभर कवडी, म्हणजे किडीने डागाळलेला, सरकीला घट्ट चिकटलेला कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. धुऱ्याकडच्या चार ओळींत हा प्रकार अधिक आहे आणि मागच्या वेचणीलाही तो तेथेच दिसला होता, असे तिने सांगितले. कीटकशास्त्रज्ञाला याहून नेमकी माहिती कोण देणार? शेतमालकाला हे सांगितले का, असे विचारता ती हसली. “सांगावं कोनाले, मॅडम? आमाले इचारते कोन?” त्या शेतात शेवटची फवारणी कधी व कोणत्या औषधाची झाली, हे मात्र चौदाजणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. औषधाचा उग्र दर्प अजून पानांना होता.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. कीड कोठे आहे हे जिला ठाऊक होते तिला प्रशिक्षणाचे निमंत्रण नव्हते, आणि ज्या माहितीवर तिचे आरोग्य अवलंबून होते ती मागण्याची तिला सोय नव्हती. उद्याचा रोज ज्याच्या हाती आहे त्याला एकटी मजूर स्त्री प्रश्न विचारू शकत नाही. चौदाजणी एकत्र असतील तर विचारू शकतील. परंतु केवळ एका रांगेत काम केल्याने चौदाजणींची संघटना होत नाही. ती कशी होते आणि झाल्यावर टिकते कशी, याचा विचार आपण विस्तार कार्यकर्त्यांनीही करावयास हवा, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

काम आहे, नाव नाही

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटदार जमीनधारकांत महिलांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. दुसरीकडे, २०२२-२३ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील कामकरी महिलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश महिला शेतीत राबतात. या दोन आकड्यांमधील दरी हीच आपल्या प्रशिक्षणांच्या नोंदवहीतील रिकामी जागा आहे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ती शेतकरी नाही. कायम मालक नाही म्हणून ती कामगारही नाही. निंदणी, वेचणी, रोपलावण, भाजीविक्री, विडीकाम, शिवणकाम असे वर्षभरात चार-पाच प्रकारचे काम करूनही शासकीय अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे ‘घरकाम’ लिहिले जाते.

अशा महिलांसाठी योजना अनेक आहेत. पण योजनेत त्या लाभार्थी असतात. सदस्य-संघटना ही निराळी गोष्ट आहे. तिथे सदस्य वर्गणी भरतात, प्रतिनिधी निवडतात, हिशेब मागतात आणि चुकलेल्या निर्णयाची जबाबदारीही घेतात. लाभार्थ्याला प्रशिक्षण देता येते. सदस्याला मात्र संस्था चालवावी लागते. हे कौशल्य उपजत नसते. मधमाशीला पोळ्यातील आपले काम कोणी शिकवत नाही; माणसाला सभा, हिशेब आणि मतभेद हे तिन्ही शिकावे लागतात. ज्या स्त्रीला आयुष्यभर ऐकून घेण्याचीच सवय लावली गेली, तिला तर अधिकच.

हे शिक्षण मोठ्या प्रमाणावर व दीर्घकाळ कसे घडले, हे पाहायचे असेल तर अहमदाबादकडे वळावे लागते.

एका कागदापासून आरंभ

अहमदाबादच्या गिरणी कामगारांची ‘मजूर महाजन’ ही संघटना महात्मा गांधी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या पुढाकारातून १९२० मध्ये उभी राहिली. तिच्या महिला विभागाच्या प्रमुख असलेल्या वकील इलाबेन भट्ट यांच्याकडे १९७१ मध्ये कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या महिला आपली गाऱ्हाणी घेऊन आल्या. खेपांची नोंद कोणी ठेवत नसे आणि व्यापारी देतील ती मजुरी घ्यावी लागे. इलाबेन यांनी त्यावर वृत्तपत्रात लेख लिहिला. व्यापाऱ्यांनी वृत्तपत्रातूनच त्याचा प्रतिवाद केला आणि आपण योग्य मजुरी देतो असा दावा केला. तो दावाच छापून त्याचे कागद महिलांच्या हाती देण्यात आले. व्यापाऱ्याचा शब्द आता त्याच्यापुढे धरता येत होता.

या संघटनेची पहिली क्षमता ही अशी होती: विखुरलेला, तोंडी व्यवहार कागदावर आणणे आणि तो कागद सदस्याच्या हाती देणे. पुढे बाजारातील इतर महिलाही जमल्या आणि त्यांच्या सभेतून स्वतःच्या संघटनेची कल्पना पुढे आली. ‘सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन’, म्हणजेच ‘सेवा’, हे तिचे नाव.

नोंदणीच्या वेळी पहिला अडसर आला. या महिलांना ठरावीक मालक नाही. मग ही कामगार संघटना कोणाविरुद्ध भांडणार, असा निबंधकांचा आक्षेप होता. संघटना ही प्रथम कामगारांच्या परस्पर ऐक्यासाठी असते, ही ‘सेवा’ची भूमिका होती. बऱ्याच प्रयत्नांनंतर एप्रिल १९७२ मध्ये १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली तिची नोंदणी झाली. हा वाद केवळ कायद्याचा नव्हता. आपण कोण आहोत, याचे उत्तर सदस्यांनी स्वतः दिल्याखेरीज संघटनेचा पाया घातला जात नाही. आपल्याकडील अनेक गटांचे नाव, उद्देश व नियम कार्यालयातून तयार होऊन येतात आणि महिलांच्या वाट्याला फक्त अंगठा उमटवण्याचे काम राहते. तेथे पायाच नसतो.

सही करण्याची रात्र

संघटित झालेल्या महिलांची पुढची अडचण भांडवलाची होती. भाजीविक्रेती सकाळी सावकाराकडून पैसे घेई आणि संध्याकाळी व्याजासह परत करी. नफ्याचा मोठा हिस्सा त्यातच जाई. बँकेत जावे, तर कळकट कपड्यांतील, लेकरे कडेवर घेतलेल्या, अक्षरओळख नसलेल्या ग्राहकांशी वागायची सवय बँकेलाही नव्हती. तेव्हा महिलांनी स्वतःचीच बँक काढावी असे ठरले. सुमारे ४,००० महिलांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल दिले आणि १९७४ मध्ये ‘श्री महिला सेवा सहकारी बँक’ स्थापन झाली.

निरक्षर महिला बँक कशी चालवणार, हा प्रश्न याही वेळी निघाला. नोंदणीच्या कागदांवर सही करता यावी म्हणून प्रवर्तक महिला रात्र जागून आपले नाव लिहायला शिकल्या. खातेदारांसाठी मात्र बँकेने निराळा मार्ग काढला आणि ओळख पटवण्यासाठी पासबुकावर छायाचित्र लावले. या दोन उपायांकडे एकत्र पाहावे. संचालकपदासाठी जे कौशल्य अत्यावश्यक होते ते महिलांनी कष्टाने आत्मसात केले. खातेदार होण्यासाठी जे अत्यावश्यक नव्हते, त्याची अट व्यवस्थेने काढून टाकली. क्षमताविकास म्हणजे प्रत्येक वेळी सदस्याला बदलणे, असा आपला समज असतो. कित्येकदा बदलायला हवा असतो तो अर्जाचा नमुना, सभेची वेळ किंवा कार्यालयातील टेबलाची उंची.

अशा क्षमतेची परीक्षा संकटकाळी होते. मतभेदांतून १९८१ मध्ये ‘सेवा’ला मजूर महाजनपासून वेगळे व्हावे लागले. पालक संस्थेचे छत्र गेले. तथापि वर्गणी भरणारे सदस्य आपले होते, बँक आपली होती आणि निर्णय घेण्याची नऊ वर्षांची सवय होती. संघटना मोडली नाही. ज्या संस्था आपण उभ्या करतो त्यांच्याविषयी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा: उद्या आपले कार्यालय, आपला निधी आणि आपली गाडी मागे घेतली, तर काय शिल्लक राहील?

शिवारातील पराभव आणि धडा

शहरातील अनुभव घेऊन ‘सेवा’ने अहमदाबाद जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शेतमजूर महिलांमध्ये काम सुरू केले. किमान वेतनाची मागणी न्याय्य होती, कायदाही बाजूने होता. परंतु गावात मजूर पुष्कळ आणि काम थोडे अशी स्थिती होती. मागणी करणाऱ्या महिलांना काम नाकारणे जमीनमालकांना सहज शक्य होते. एकजूट होती, पण काम नसताना चूल पेटती ठेवण्याचे साधन नव्हते. केवळ संघर्षाच्या बळावर येथे निभाव लागणार नाही, हे संघटनेने ओळखले.

त्यातून जी पद्धत घडली तिचे दोन हात आहेत. एका हाताने कामगार संघटना हक्काची मागणी करते. दुसऱ्या हाताने सहकारी संस्था, उत्पादक गट, बचत व विमा यांच्या साहाय्याने उपजीविकेचा पर्याय उभा केला जातो. पर्याय असला की मजुरीची बोलणी बरोबरीने होतात. चिंध्यांपासून गोधड्या शिवणाऱ्या अहमदाबादच्या महिलांनी शिलाईचा दर वाढवून मागितला तेव्हाही व्यापाऱ्यांनी काम आखडते घेतले आणि महिलांना स्वतःचे उत्पादन केंद्र काढावे लागले. मेहसाणा जिल्ह्यातील गणेशपुरा येथे महिलांनी ‘वनलक्ष्मी’ ही वृक्ष-उत्पादक सहकारी संस्था स्थापून गावची पडीक जमीन लागवडीखाली आणली. ज्यांच्या नावावर जमीन नाही अशा महिलांची शेतीविषयक सहकारी संस्था नोंदवायची तरी कशी, हा प्रश्न तेथेही अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला होता आणि जमिनीचा पट्टा मिळवण्यासाठी महिलांना दीर्घ पाठपुरावा करावा लागला. हा पाठपुरावा करताना तलाठी कार्यालयापासून जिल्हा कार्यालयापर्यंतचा कारभार त्या शिकल्या, तो कोणत्याही वर्गात शिकवता आला नसता.

संस्थेची वीण

आज ‘सेवा’चे सदस्य २० लाखांहून अधिक असून संघटना देशातील अनेक राज्यांत पसरली आहे. एवढा विस्तार एका व्यक्तीच्या भोवती उभा राहू शकत नाही. त्यामागे एक वीण आहे.

सदस्य आपल्या व्यवसायानुसार प्रतिनिधी निवडतात. हे प्रतिनिधी दर तीन वर्षांनी कार्यकारिणी निवडतात आणि तीत निरनिराळ्या व्यवसायांना त्यांच्या सदस्यसंख्येनुसार स्थान मिळते. गाव आणि वस्तीच्या पातळीवर ‘आगेवान’ असतात. आगेवान म्हणजे सदस्यांमधूनच पुढे आलेली अग्रणी. ती स्वतः शेतमजूर, विडी कामगार किंवा फेरीवाली असते, म्हणून तिला सदस्यांची अडचण समजावून घ्यावी लागत नाही. शिक्षित, पगारी कर्मचारी संघटनेत आहेतच. पण धोरण ठरवण्याच्या जागी कष्टकरी सदस्यांचे बहुमत राखले जाते. वर्गणी दीर्घकाळ वर्षाला ५ रुपये होती. रक्कम लहान असली तरी ती देणारी स्त्री ‘आमची संस्था’ असे म्हणू शकते, हे तिचे खरे मोल.

या विणीला शिक्षणाची जोड मिळाली. १९८४ मध्ये ‘व्हिडिओ सेवा’ सुरू झाली आणि अक्षरओळख नसलेल्या महिलाही कॅमेरा हाताळून आपल्या प्रश्नांवर चित्रफिती करू लागल्या. १९९१ मध्ये सदस्यशिक्षण व नेतृत्वविकासासाठी ‘सेवा अकादमी’ आली. सहकारी संस्थांची संख्या वाढली तेव्हा १९९२ मध्ये त्यांचा महासंघ झाला. हिशेब-तपासणी, बाजारपेठ, व्यवस्थापन असे जे काम एका लहान संस्थेला परवडत नाही ते महासंघ सर्वांसाठी करू लागला. २००५ मध्ये ग्रामीण महिलांना व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी ‘मॅनेजर नी स्कूल’ उभी राहिली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी काम उभे राहिले, मग अडचण आली आणि त्यानंतर त्या अडचणीवरचे शिक्षण आले. आपल्या योजनांत बहुधा प्रशिक्षणाचे वेळापत्रक आधी ठरते आणि त्याला साजेशी अडचण नंतर शोधली जाते.

शेतमालाच्या संदर्भात ‘रुडी’ हे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. लहान शेतकरी महिलांकडून धान्य, कडधान्य, मसाले खरेदी करायचे, गावाजवळच स्वच्छता व प्रतवारी करून लहान पाकिटे बांधायची आणि ‘रुडीबेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विक्रेत्या महिलांमार्फत गावोगावी विकायची, अशी ही साखळी. पूर्वी मागणी नोंदवण्यासाठी आणि माल आहे की नाही हे पाहण्यासाठी रुडीबेनला केंद्रावर खेप घालावी लागे. माल नसला की दिवस आणि गाडीभाडे दोन्ही वाया जाई. पुढे मोबाइलवरून मागणी नोंदवण्याची सोय झाली आणि हा भुर्दंड वाचला. येथे तंत्रज्ञान नेमक्या नडलेल्या ठिकाणी आले, म्हणून ते रुजले.

हवामानबदलाच्या काळात हीच वीण नव्या कामाला आली. २०२३ मध्ये गुजरातेत सुमारे २१,००० सदस्यांसाठी तीव्र उष्णतेचा विमा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि २०२४ मध्ये तो राजस्थान व महाराष्ट्रातील सदस्यांपर्यंतही पोहोचला. तापमानाने ठरावीक मर्यादा ओलांडली की पंचनाम्याविना भरपाई, असे त्याचे स्वरूप आहे. अशी अमूर्त कल्पना उन्हात मीठ गोळा करणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या स्त्रीला पटवून देणे हे विमा कंपनीच्या माहितीपत्रकाला साधणारे नाही. वर्षानुवर्षे तिच्या दारी येणाऱ्या आगेवानालाच ते साधते.

मोजावे काय?

आपण प्रशिक्षणार्थींची संख्या मोजतो, छायाचित्रे जोडतो आणि अहवाल पाठवतो. त्यातून संघटनेची क्षमता कळत नाही. ‘सेवा’ने यासाठी प्रश्नांची एक यादी केली. आरंभी दहा प्रश्न होते. पुढे शिक्षणाचा अकरावा जोडला गेला. कोणत्याही उपक्रमाचे मूल्यमापन सदस्यांनी या प्रश्नांवरून करायचे असते. त्यांचा आशय असा:

१. सदस्यांचे काम वाढले का?
२. उत्पन्न वाढले का?
३. पौष्टिक अन्न मिळू लागले का?
४. आरोग्य सुधारले का?
५. मुलांच्या सांभाळाची सोय झाली का?
६. घर, पाणी, स्वच्छता यांत सुधारणा झाली का?
७. सदस्यांच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता आली का?
८. संघटनेचे बळ वाढले का?
९. सदस्यांमधून नेतृत्व पुढे आले का?
१०. व्यक्ती म्हणून आणि समूह म्हणून स्वावलंबन वाढले का?
११. शिक्षण व साक्षरता वाढली का?

पहिले सात प्रश्न घराचे आहेत आणि आठवा, नववा व दहावा प्रश्न संघटनेचे. उत्पन्न वाढले पण नेतृत्व पुढे आले नाही, तर ती वाढ बाहेरच्या आधारावर उभी असल्याचे समजावे. नेतृत्व आले पण घरात अन्न आले नाही, तर सदस्य फार काळ सभेला येणार नाहीत. ही यादी आपल्या महिला गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचून पाहावी. उत्तरे देताना होणारी शांतताही पुष्कळ काही सांगून जाते.

नेतृत्वाच्या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. इलाबेन भट्ट १९७२ पासून १९९६ पर्यंत ‘सेवा’च्या सरचिटणीस होत्या. त्यांनी पद सोडले ते संघटना भरात असताना. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा संघटनेची सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती जाऊन बराच काळ लोटला होता. आपल्या परिसरातील अनेक गटांत अध्यक्ष, सचिव आणि बँकेत जाणारी व्यक्ती वर्षानुवर्षे एकच असते. ती कार्यक्षम असते, म्हणून कोणी बदलत नाही. आणि कोणी बदलत नाही, म्हणून दुसरे कोणी कार्यक्षम होत नाही.

आपल्या शिवारात काय करता येईल?

२०२० मध्ये केंद्र शासनाने १०,००० शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याची योजना आणली. सपाट प्रदेशात किमान ३०० सदस्यांची अट आणि पाच वर्षे हाताला धरून चालवण्याची तरतूद तीत आहे. सदस्यसंख्या एका मोहिमेत पूर्ण होते. पाच वर्षांनंतर हात सोडता येईल अशी संस्था मात्र मोहिमेने होत नाही. बचत गटांच्या पंचसूत्रीची, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि नोंदी यांची आपल्याला ओळख आहेच. त्या पायावर पुढील गोष्टी जोडता येतील.

पहिली, सुरुवात महिलांनी सांगितलेल्या अडचणीपासून करावी. आपल्याला बोंडअळी महत्त्वाची वाटते. त्यांना कदाचित वेचणीच्या वजनातील काट्याची फसवणूक किंवा शेतात पिण्याच्या पाण्याची सोय महत्त्वाची वाटेल. ती अडचण सुटली की बोंडअळीची पाळी येते.

दुसरी, जमाखर्च प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचावा. वाचता न येणाऱ्या सदस्यालाही ऐकून हिशेब लक्षात ठेवता येतो आणि चूक पकडता येते.

तिसरी, प्रत्येक कामासाठी दोघी असाव्यात: एक करणारी आणि एक शिकणारी. वर्षअखेरीस शिकणारीने ते काम हाती घ्यावे.

चौथी, सभेची वेळ आणि जागा मजुरीच्या दिवसाला धरून ठरवावी. सकाळी अकराची सभा म्हणजे मजूर स्त्रीचा अर्धा रोज बुडवणे होय. लहान मुलांना सांभाळण्याची सोय सभेच्या खर्चात धरावी.

पाचवी, आपण केव्हा बाजूला होणार हे पहिल्याच वर्षी सदस्यांना सांगावे आणि त्या दिवसासाठी कोणते काम कोण घेणार, ते लिहून ठेवावे.

कीड व्यवस्थापनाला याचा थेट उपयोग आहे. गुलाबी बोंडअळीचे पतंग शेताची हद्द ओळखत नाहीत. एका शेतकऱ्याने फरदड ठेवली की शेजाऱ्यांची मेहनत वाया जाते. म्हणून हे नियंत्रण गावपातळीवरच करावे लागते. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग आढळले, किंवा एकरी २० हिरवी बोंडे फोडून त्यांतील २ बोंडांत अळी दिसली, की उपाययोजनेची वेळ आली असे आपण सांगतो. निंदणी करणाऱ्या महिला फुलोऱ्याच्या काळात ओळीओळीने फिरत असतात. गुलाबासारखी मिटलेली डोमकळी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. निंदणीच्या टोळीने डोमकळ्या वेचून नष्ट करणे व त्यांची संख्या कळवणे, हे मोबदल्यासह सोपवता येण्याजोगे काम आहे. ‘मोबदल्यासह’ हा शब्द येथे वगळू नये. तिच्या नजरेचा उपयोग आपण फुकट करून घेतला, तर ती संघटना नसून आणखी एक वेठ ठरेल.

याहून गंभीर बाब आरोग्याची आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा फवारणी करणाऱ्यांच्या सुरक्षेची चर्चा झाली. फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी उघड्या हातांनी शिरणाऱ्या महिलांचा विचार आजही मागे राहतो. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवतो, हे निरक्षर स्त्रीलाही एका बैठकीत शिकवता येते. परंतु ‘कोणता त्रिकोण होता आणि कधी फवारले?’ हे मालकाला विचारण्याचे बळ बैठकीतून येत नाही. ते संघटनेतून येते.

नोंदवहीतील नवा रकाना

त्याच गावात पुढच्या हंगामात आम्ही सभा संध्याकाळी साडेसातला, वेचणी करणाऱ्या महिलांच्या वस्तीवर घेतली. पहिल्या दोन बैठकांत कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या बैठकीत त्यांनी आपसांत ठरवले की शेतात पाऊल टाकण्यापूर्वी फवारणीची तारीख आणि त्रिकोणाचा रंग विचारायचा. एका शेतमालकाला हे रुचले नाही. त्याने आठवडाभर दुसरी टोळी आणली. त्या आठवड्यात रोज बुडालेल्यांना गटाच्या बचतीतून थोडी उचल देण्यात आली. वेचणीचा जोर वाढल्यावर त्याने पुन्हा यांनाच बोलावले आणि तारीख सांगितली. इतर काही जण अजूनही सांगत नाहीत.

एवढ्यावरून त्यांची संघटना झाली, असे मी म्हणणार नाही. निवडणूक नाही, नोंदणी नाही, हिशेब लिहिणारी एकच मुलगी आहे आणि तिचे लग्न ठरले आहे. तिच्या हाताखाली आता दुसरी एक शिकते आहे.

माझ्याकडून मी एक लहान बदल केला. आमच्या प्रशिक्षणाच्या नोंदवहीत ‘शेतकऱ्याचे नाव’ आणि ‘गट क्रमांक’ असे दोन रकाने होते. गट क्रमांकाच्या जागी आता ‘शेतात कोणते काम करता?’ असा रकाना आहे. गेल्या प्रशिक्षणात त्याखाली सतरा वेळा ‘वेचणी’ लिहिले गेले.